तुलेचे प्रामाण्य

मोजणाऱ्याला कोण मोजणार, हा प्रश्न आपल्या परंपरेत बराच जुना आहे. नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'मध्ये तो प्रमाणवाद्यांना विचारला. वस्तूंची सिद्धी प्रमाणांनी होत असेल, तर प्रमाणांची सिद्धी कशाने होते? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे, तर त्यांना तिसरी लागतील आणि अनवस्था ओढवेल. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच शंकेच्या संदर्भात तराजूचा दृष्टान्त येतो. सोने तोलताना तराजू हे प्रमाण असते. पण तराजूविषयीच संशय आला, की ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे असे सोने पारड्यात घालून तराजू पारखतात, आणि त्या वेळी तोच प्रमेय होतो. साहित्यशास्त्र शिकवताना आम्ही दोघांनी हा दृष्टान्त फळ्यावर कितीदा तरी मांडला असेल. गेल्या वर्षी मात्र तो हाती धरून पाहण्याची वेळ आली, तीही तळहाताएवढ्या एका हिरव्या पट्टीच्या रूपाने.

निमित्त होते आमच्या मराठी विभागाच्या कपाटातल्या एकेचाळीस ध्वनिफितींचे. विभागाच्या एका माजी प्रमुखांनी १९८३ ते १९८६ या काळात आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. ओव्यांचे शब्द त्यांच्या वह्यांत उतरलेले आहेत. चाल मात्र केवळ त्या फितींवर आहे. ओवी कुठे लांबते, घरोटाच्या फेऱ्याबरोबर शेवटचा शब्द कुठे मुडपला जातो, दुसरी बाई कोणत्या अक्षरावर सूर धरते, हे वहीत मावणारे नव्हे. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत. फितींच्या प्रती कधी निघाल्या नाहीत, आणि ज्यावर त्या वाजवायच्या तो विभागाचा कॅसेट डेक नुसता घरघरत होता. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने तो उघडूनही न पाहता निकाल दिला, "मास्तर, भंगारात द्या."

जुन्या यंत्रात सर्वांत आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या पोटातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो, आणि बाहेरून अंगावर एक ओरखडा न दिसताही ते निकामी झालेले असतात. कोणता गेला आणि कोणता धड आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सुटे भाग पारखणारे एक छोटे यंत्र मिळते. तीन तारांमध्ये कोणताही भाग अडकवून कळ दाबली, की तो ट्रान्झिस्टर आहे, डायोड आहे, रोधक आहे की कपॅसिटर, आणि त्याची मापे काय, हे पडद्यावर उमटते. या यंत्राचा मूळ आराखडा मार्कुस फ्रेयेक या जर्मन तंत्रज्ञाचा. कार्ल-हाइंत्स क्युबेलर यांनी तो पुढे वाढवला, आणि मार्कुस रेश्के यांनी त्याच मुळातून स्वतंत्र शाखा काढली. आराखडा सर्वांना खुला असल्याने त्याच्या असंख्य स्वस्त नकला निघाल्या. त्यांतलीच एक, सुट्या भागांच्या पाकिटाच्या रूपात, आम्ही मागवली. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या साहाय्यकांनी ती आमच्याबरोबर बसून जोडली. यापुढे त्यांना आम्ही अण्णा म्हणू.

हे यंत्र मोजते म्हणजे काय करते? त्याच्या मध्यभागी असलेली चिप कोणत्याही विद्युतदाबाची तुलना एका ठरलेल्या दाबाशी करते आणि तो त्याच्या १०२४ भागांपैकी किती भाग आहे ते सांगते. पाच व्होल्टचे १०२४ भाग केले, तर एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा होतो. म्हणजे चिपला व्होल्ट ठाऊकच नसतो. तिला केवळ गुणोत्तर ठाऊक असते. ते पाच व्होल्ट खरोखर पाच आहेत, हे तिला दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते. चिपच्या पोटात १.१ व्होल्टचा स्वतःचा एक संदर्भदाब असतो खरा, पण निर्मात्याच्याच कागदपत्रांनुसार तो १.० ते १.२ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून या आराखड्यात अडीच व्होल्टचा एक वेगळा, अधिक भरवशाचा संदर्भ बाहेरून जोडण्याची सोय आहे. चिप सुरू होताच त्याच्याकडे पाहते आणि त्यावरून स्वतःचे पाच व्होल्ट पडताळते. आधी वजन ठाऊक असलेले सोने ते हेच.

आमच्या यंत्राने पहिल्याच दिवशी पुरवठ्याचा दाब ५.२५ व्होल्ट सांगितला. अण्णांच्या मल्टिमीटरवर तोच दाब ५.०० होता. हा फरक शेकडा पाचाचा. यंत्राचे म्हणणे मानले, तर यापुढे मोजलेला प्रत्येक दाब तेवढाच फुगणार होता. विलक्षण गोष्ट अशी, की रोधकांची मापे मात्र अचूक येत होती. आम्हाला याचे कोडे पडले, अण्णांना नाही. रोध मोजताना यंत्र ओळखीच्या रोधकावरचा दाब आणि अनोळखी रोधकावरचा दाब यांचे गुणोत्तर काढते. मोजपट्टीच आखूड असेल, तर अंश आणि छेद दोन्ही सारखेच चुकतात, आणि भागाकारात चूक नाहीशी होते. दोन खोट्या साक्षींनी मिळून एक खरा निष्कर्ष द्यावा, तसा हा प्रकार. अण्णा म्हणाले, "सर, मॅडम, मीटर काय सांगतो ते नंतर बघू. मीटरला कुणी सांगितलंय, ते आधी बघा."

संशय प्रथम फर्मवेअरवर गेला. फर्मवेअर म्हणजे चिपमध्ये लिहिलेली आज्ञावली, आणि इथे आम्हाला थेट आपल्या शास्त्राच्या अंगणात आल्यासारखे वाटले. मूळ संहिता एक, तिच्या 'के' आणि 'एम' अशा दोन परंपरा, प्रत्येकीच्या क्रमांकित आवृत्त्या, आणि नकला करणाऱ्यांनी आपापल्या पडद्याला व जोडणीला अनुसरून केलेले, कुठेही न नोंदलेले फेरफार. आमच्या चिपमधला पाठ कोणत्या कुळातला, हे सांगणारी पुष्पिका म्हणजे पडद्यावर क्षणभर झळकणारा आवृत्तीचा क्रमांक, एवढीच. मूळ पाठ उतरवून घेऊन ताडून पाहावा म्हटले, तर चिपला कुलूप होते. असे कुलूप घातलेली चिप आपला मजकूर वाचू देत नाही. ती पुसून नवा मजकूर लिहिता येतो, पण पुसलेला जुना कायमचा जातो. हस्तलिखित खरवडून त्याच पानावर नवे लिहिण्यासारखेच हे. म्हणून ती चिप खोबणीतून काढून कापसात ठेवली आणि नवी कोरी चिप आणली.

क्युबेलर यांनी आज्ञावलीबरोबर शंभरावर पानांचे विवरण लिहिले आहे. ते जर्मन, इंग्रजी आणि रशियन अशा तीन भाषांत मिळते. त्यातील सूचनांनुसार आमच्या पडद्याशी जुळणारा पाठ अण्णांनी नव्या चिपमध्ये उतरवला. पडद्यावर अक्षरे आली, पण मुंगीच्या पावलांनी. कारण असे, की नवी चिप कारखान्यातून निघते तेव्हा तिचे घड्याळ सेकंदाला दहा लाख ठोक्यांवर लावलेले असते, आणि आज्ञावली ऐंशी लाख ठोके गृहीत धरून रचलेली असते. काही मोजके 'फ्यूज बिट' बदलले, की चिप पट्टीवरच्या स्फटिकाची चाल धरते. अक्षर न् अक्षर बरोबर असूनही लय आठपट संथ असेल, तर पाठ बरोबर म्हणायचा का? कपॅसिटर मोजताना यंत्र तो भरायला लागणारा वेळच मोजते. तेव्हा यंत्रापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ 'नाही' असे आहे. ओव्यांच्या संदर्भात हाच प्रश्न पुढे आमच्यासमोर येणार होता.

लय जुळली, यंत्राची स्वपरीक्षा झाली (तिन्ही तारा एकत्र जोडायच्या, मग सोडायच्या, मग सांगितल्यावर पहिल्या व तिसऱ्या तारेत एक कपॅसिटर लावायचा), आणि पडद्यावर पुन्हा आकडा आला तो ५.२५. संहिता निर्दोष ठरली. दोन स्वतंत्र पाठ एकच चूक सांगत असतील, तर दोष दोहोंच्या सामाईक उगमात शोधावा, हा पाठचिकित्सेचा नियम. त्या दोहोंत सामाईक होता तो बाहेरचा संदर्भ. अण्णांनी मल्टिमीटरची टोके थेट त्याच्यावर टेकवली. अडीचच्या जागी २.३८ व्होल्ट होते.

तो भाग टीएल४३१ नावाचा होता. त्याचा नेमका दाब २.४९५ व्होल्ट, पण तो टिकवण्यासाठी त्यातून निदान एक मिलिअँपिअर प्रवाह वाहता ठेवावा, असे त्याच्या निर्मात्यांचे सांगणे आहे. हा प्रवाह किती मिळणार, हे त्याच्या डोक्यावरचा रोधक ठरवतो. आराखड्यात तिथे २.२ किलोओहम आहे, म्हणजे प्रवाह एक मिलिअँपिअरहून किंचित अधिक. पाकिटात त्या जागेसाठी खूण करून दिलेला रोधक मात्र दहा किलोओहमचा निघाला, म्हणजे प्रवाह जेमतेम पाव मिलिअँपिअर. संदर्भ खोटा नव्हता, उपाशी होता. त्याचा खालावलेला दाब अडीचच्या इतका जवळ होता, की चिपने तो विनातक्रार अडीच मानला आणि आपल्या निर्दोष पाच व्होल्टांनाच सव्वापाच ठरवले. त्याच विवरणात एक मार्मिक सूचना आहे. संदर्भ बसवणारच नसाल, तर ती जागा ४७ किलोओहमच्या रोधकाने पुरवठ्याला जोडा, म्हणजे संदर्भ नाही हे तरी चिपला कळेल. संदर्भ नसल्याचे नीट कळवता येते; तो अर्धपोटी असल्याचे मात्र कुणी कळवत नाही.

रोधक बदलताच आकडा ५.०१ झाला. पण मल्टिमीटर तरी खरा कशावरून? अण्णांनी प्रयोगशाळेतून दुसरा मीटर आणला, आणि शेकडा ०.१ इतक्याच फरकाची हमी असलेला एलएम४०४० हा संदर्भ दोन्ही मीटरांवर तपासला. तिघांचे जुळले. अनवस्था इथे संपली असे नैयायिक म्हणणार नाहीत. व्यवहारापुरती थांबली, एवढेच ते म्हणतील.

मग डेकची पाळी आली. त्याच्या पुरवठ्यातला मोठा कपॅसिटर आठ ओहम अंतर्गत रोध दाखवत होता. त्याच मापाचा नवा एक ओहमच्याही आत होता. असे सात भाग बदलले आणि घरघर गेली. एका ध्वनिमुद्रकाने त्याच्याकडची ३००० हर्ट्झची प्रमाण-फीत उसनी दिली. तिच्यावरून डेकची गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या मानाला लावली आणि पहिली फीत वाजवली.

घरोट, बांगड्या, दोन बायका, आणि या सर्वांमागे एक अतिमंद गुणगुण. ती डेकची नव्हती. फितीची गती बदलली की तिचाही सूर बदलत होता. सरांनी १९८४ साली कुणाच्या तरी ओसरीवर मुद्रणयंत्र विजेवर चालवले होते आणि घरातल्या विजेचा नाद ओव्यांबरोबर फितीवर उतरला होता. संगणकावर तो मोजला, तर ५२ हर्ट्झ भरला. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे सरांचे यंत्र संथ चालत होते, आणि म्हणून आज सगळे आवाज चढे ऐकू येतात. जो अडथळा म्हणून आम्ही काढून टाकणार होतो, तोच आमचा संदर्भदाब निघाला.

पण तोही पुरता पोटभर नव्हे. त्या काळी आपल्या विजेची वारंवारता पन्नासच्या बरीच खाली-वर होत असे. २००२-०३ मध्ये वीजदराची नवी पद्धत आल्यावर ती आवरली. त्या दुपारी ती खरोखर ५० असेल, तर फीत शेकडा चारने जलद आहे. ४९ असेल, तर सहाने, म्हणजे पेटीवर जवळजवळ एक पट्टी वर. गाणाऱ्यांपैकी एक आजी अजून आहेत. मूळ गतीतली ओवी ऐकून त्या म्हणाल्या, "ह्यो माजा गळा न्हवं, ही कुणी बारकी पोर हाय." चार टक्क्यांनी उतरवलेली ऐकताना काही न बोलता त्यांचा हात जात्याच्या खुंट्यासारखा फिरू लागला. आम्ही ते नोंदवून ठेवले आहे, पुरावा म्हणून नव्हे.

प्रत्येक फितीच्या आता दोन प्रती आहेत, एक जशी मिळाली तशी आणि एक दुरुस्त गतीची. दुसरीच्या टिपेत लिहिले आहे, 'विजेचा नाद ५० हर्ट्झ मानून.' एकेचाळीसपैकी नऊ फितींवर हा नाद नाही. त्या शेतात किंवा वीज न पोचलेल्या वाडीवर, बॅटरीवर चालवून घेतल्या असाव्यात. त्यांची एकच प्रत आहे, आणि टिपेत 'संदर्भ नाही' असे दोन शब्द.