खाडीमागून खाडी

मुंबईकराला कोकणात उतरायला दोन वाटा आहेत. एक शहाण्या माणसांची. ती पनवेलहून निघते, तिला राष्ट्रीय महामार्ग ६६ म्हणतात, आणि तिच्यावरून गाडी हाकणारा माणूस कोकणातून जातो, पण कोकणात जात नाही. दुसरी वाट समुद्राच्या कडेकडेने, रेवसपासून थेट रेडीपर्यंत. कागदोपत्री तीही ‘सागरी महामार्ग’च आहे, पण त्या भारदस्त नावाने दिपून जाऊ नका. समोरून एस. टी. आली की आपण कुणाच्या तरी गडग्याला गाडी चिकटवून उभे राहायचे आणि एस. टी. च्या ड्रायव्हरने हात वर करून आपले आभार मानायचे, असा हा महामार्ग.

या दोन वाटांतला फरक खाड्यांनी केला आहे. सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या समुद्राला मिळता मिळता चांगल्या रुंद होतात. हमरस्ता त्यांना वर, जिथे पात्र अरुंद आहे तिथे, पुलावरून ओलांडतो. किनाऱ्याच्या वाटेला मात्र प्रत्येक खाडी अगदी तोंडाशी आडवी येते. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचे, नाहीतर वळसा घालायचा. तो वळसा केवढा, ते पुढे सांगते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली. मागची बाके काढून तिथे गादी घातली, एक छोटी शेगडी, पाण्याचा कॅन आणि पोह्यांचा डबा ठेवला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकटीच निघाले. यजमानांना घाटातली वळणे सोसत नाहीत. त्यांनी निरोप देताना एवढेच विचारले, “स्टेपनीत हवा आहे ना?” बाकीचे सारे प्रश्न वाटेत भेटणाऱ्यांनी विचारले. त्या सर्वांचे सार एकच: “एकट्याच?”

भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मांडव्याला मोटारींसकट बोट जाते. लहानपणी याच धक्क्यावरून आम्ही आगबोटीने आजोळी जात असू. हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत आगबोट दक्षिणेला जाई आणि भर समुद्रात पडावात उतरताना आई माझे मनगट आवळून धरी. तिच्या पिढीला ‘रामदास’ विसरता येत नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ती बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आता तासाभरात मांडवा येते. माणसे चहा पितात, फोटो काढतात. ते योग्यच आहे. पण त्या पाण्यावरून जाताना मी थोडा वेळ गप्प बसले.

मुरूडपुढे जंजिरा आहे तिथेच, पाण्यात पाय रोवून. आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरले आणि दिवेआगरला मुक्काम केला. इथे १९९७ साली जमिनीत सोन्याचा गणपती सापडला आणि २०१२ साली दरोडेखोरांनी पहारेकऱ्यांचे जीव घेऊन तो चोरला, हे वाचकांना आठवत असेलच. मला मात्र तिथल्या वाड्यांनी थांबवले. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. ज्यांच्या घरी उतरले त्या गृहस्थांनी संध्याकाळी मला वाडी दाखवली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. वादळानंतर लावलेल्या एका झाडाला यंदा पहिला घड आला होता. “काकू, आजोबांनी लावलेलं बाबांनी खाल्लं, बाबांचं मी. एका दुपारीत सगळं गेलं. आता मी लावतोय, पण मुलगा ठाण्याला नोकरीला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “येतो मात्र. मे महिन्यात आळी करायला येतो.” एवढे बोलून त्यांनी तो घड मला पुन्हा एकदा दाखवला.

बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेश्वीला उतरले. शेजारीच वेळास, नाना फडणविसांच्या घराण्याचे मूळ गाव. आज ते कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी कोल्हे-कुत्रे आणि माणसे पळवीत. आता गावकरी ती कुंपणाच्या आत पुरतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडतात. सकाळी टोपली उपडी झाली. तळहाताएवढीही नसलेली ती पिल्ले लाटेकडे निघाली, तेव्हा पुण्याहून आलेली शंभरेक माणसे एक शब्द बोलत नव्हती. पुणेकर गप्प, हे दृश्यही कासवांइतकेच दुर्मीळ.

हर्णैला संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. तो ऐकूनच पोट भरते. पलीकडच्या मुरूडला महर्षी कर्व्यांचे गाव म्हणून थांबले. १८७५ साली हा मुलगा परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्याला परत पाठवले. पुढे कर्व्यांनी बायकांसाठी जे केले त्याच्या जोरावर माझ्यासारखी बाई आज एकटी व्हॅन हाकते, असा विचार मनात आला.

दाभोळच्या बोटीत शेजारी एक तरुण सूनबाई होती. सासऱ्यांना औषधपाणी करून परत नेत होती. वाशिष्ठीचे पाणी शांत होते, मी म्हटले, “किती छान प्रवास आहे तुमचा!” ती हसली. “दिवसा छान, आजी. शेवटची बोट सुटली की पलीकडचा गाव परदेश.” दाभोळहून धोपाव्याला जायला बोटीत जेमतेम वीस मिनिटे, रस्त्याने दापोली, खेड, चिपळूण असा वळसा शंभर किलोमीटरहून अधिक. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले तर तो वळसा किती लांब होतो, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

गुहागर, हेदवी करीत तवसाळहून जयगडला पाचवी बोट. मालगुंडला १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांचे घर, रत्नागिरीला परमुलखात १९१६ साली मेलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा. कशेळीजवळच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती पाहून मात्र मी चप्पल काढून उभी राहिले. पंधरा मीटरहून लांब असलेल्या त्या एका हत्तीच्या अंगात मासे आणि जनावरे कोरली आहेत. कोणी कोरली, कशासाठी, काही पत्ता नाही. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली या कातळशिल्पांचे नाव गेले.

देवगडला आंब्याच्या पेट्या भरू लागल्या होत्या. मालवणात १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग डोळे भरून पाहिला. तिथे एका म्हातारीने “खंयसून इलात?” विचारले. मुंबईहून, एकटीच, म्हणताच तिने घरात नेऊन सोलकढी दिली आणि रेडीपर्यंत पुरेल एवढी घावनांची शिदोरीही.

या खाड्यांवर आता पूल बांधायचे ठरले आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाला हळहळ वाटते. पण ती हळहळ सुट्टीपुरती कोकणात जाणाऱ्याची आहे. दाभोळच्या सूनबाईला ती परवडणारी नाही. पूल झालेच पाहिजेत. तेवढ्यात ज्यांना जमेल त्यांनी एकदा बोटीत गाडी चढवावी. फेऱ्यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, जवळ सुटे पैसे ठेवावेत, अंधार पडल्यावर घाट चढू नये आणि ‘एकट्याच?’ असे कुणी विचारले तर रागावू नये. कोकणात तो प्रश्न बहुधा जेवायला बोलावण्याआधी विचारतात.