पाच आरांचा अपवाद

सोलापूरच्या उत्तरेस, सीनेच्या अंगाला, वाडवडिलांनी आम्हांसाठी मागे ठेवलेले जे जिराईत रान आहे, त्याला निसर्गाने काळी माती सढळ हाताने दिली आणि पाणी मात्र हात आखडून दिले. त्यामुळे मालदांडी ज्वारी पोटऱ्यात येईपर्यंत आकाशाकडे आणि ती निघाल्यावर कूपनलिकेच्या कोरड्या तोंडाकडे पाहणे, हा आम्हां खातेदारांचा वार्षिक नेत्रव्यायामच होऊन बसला आहे. आमच्या गटात विहिरीची आशा उरलेली नव्हती. परंतु मध्ये एका तिऱ्हाइताचे शेत सोडून पलीकडे, ओढ्याच्या कडेला, अप्पांचे जे एकरभर रान आहे त्याच्या खालच्या कोपऱ्यात पाणी असल्याचे जुनी माणसे सांगत आली होती. आणि शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन शेताकडे वळलेल्या मला तेवढा कोपरा विकत देण्यास अप्पा राजी झाले, तेव्हा आता काय ते खरेदीखत लिहावयाचे उरले, अशा समजुतीने मी सोलापूरला दस्तलेखकाकडे गेलो. त्याने सातबारा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, “गुरुजी, हे होत नाही. तुकडा पडतो.”

ज्या कायद्याचा तो हवाला देत होता तो १९४७ सालचा, तुकडेबंदी आणि तुकडेजोड या जोडनावाने ओळखला जाणारा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा निर्माण होईल अशी विक्री नाही, तसे हस्तांतरण नाही आणि तशी वाटणीही नाही, हे त्याचे सार. आणि ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने आमच्याकडे ते क्षेत्र जिराईतास २० गुंठे आणि बागाईतास १० गुंठे असे ठरलेले. या कायद्यामागची चिंता खोटी होती असे कोणी म्हणू नये. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी शेताच्या कशा चिंध्या होतात याचे दर्शन घडले होते. परंतु त्याच सुमारास, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निबंधात निराळाच मुद्दा मांडला: शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात यावरून ठरते, आणि खरा उपाय, जमिनीवर पडलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलावा, हा होय. पुढे १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात अल्पभूधारकांविषयीचे विधेयक आले तेव्हाही त्यांनी त्याला विरोधच केला.

आमच्या गावाला हा युक्तिवाद पुस्तकातून शिकावा लागला नाही. माझ्या चुलत्यांना सोलापूरच्या गिरणीच्या भोंग्याने रानातून उचलले, तोवर त्यांच्या हिश्शाची आठवणही कोणी काढली नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर एकामागून एक चढू लागली. शहराच्या वेशीवर तर याहून चमत्कारिक प्रकार चालतो. परस्परांची ओळखदेख नसलेली दहा माणसे एकत्र येऊन २० गुंठे सामाईक खरेदी करतात, कागदोपत्री तुकडा पडत नाही, आणि प्रत्यक्षात मात्र चुन्याच्या फक्क्या मारून दहा घरांचे चौथरे उभे राहतात. नियमाचे अक्षर पाळून त्याचा आत्मा कसा गिळावा, याचे इतके निर्दोष उदाहरण मी पाहिलेले नाही.

मला मात्र हा आडमार्ग घ्यावा लागला नाही, कारण १४ मार्च २०२४ च्या सुधारणा नियमांनी विहीर, शेतरस्ता, घरकुल आणि सार्वजनिक प्रयोजनासाठी थेट खरेदी झाल्यावर उरलेला तुकडा, एवढ्या कारणांपुरता जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने अपवादाचा दरवाजा उघडलेला होता. विहिरीसाठी मर्यादा पाच आरांची, म्हणजे ५०० चौरस मीटर. पाच गुंठ्यांना किंचित कमीच. नमुना बारामधील अर्ज, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला, अक्षांश-रेखांशासह नकाशा, आणि मग चौकशी. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून आमची जागा ५०० मीटरांच्या आत येते काय, याचा खल एका कचेरीत इतका लांबला की, मोजणीची फीत घेऊन स्वतःच ओढ्यात उतरावे असे मला वाटू लागले. तरीही या विलंबाची मला पुरती चीड आली नाही. नियम फक्त आकडा विचारतो. अपवाद मागणाऱ्याला मात्र कशासाठी, कोठे आणि कितीसे, याची रुजवात द्यावी लागते, आणि जमिनीसारख्या वस्तूविषयी हे प्रश्न कोणीतरी एकदा विचारावेत हे योग्यच आहे.

याच कचेरीच्या बाकावर रस्त्यासाठी अर्ज केलेले एक वृद्ध खातेदार भेटले. त्यांच्या बाबतीत नियमाची गंमत अशी की, पदरचे पैसे मोजून रस्त्याची पट्टी ते विकत घेणार, परंतु तिच्या सातबाऱ्यावर आजूबाजूच्या जमीनधारकांच्या वापरासाठी ती खुली राहील असा शेरा पडणार. “म्हंजे पैसं माझं अन्‌ गाड्या भावकीच्या!” असे म्हणून ते हसले. त्यांनी अर्ज मात्र मागे घेतला नाही.

माझा हुकूम झाला. मंजुरीची मुदत एक वर्ष, विनंतीवरून आणखी दोन वर्षे वाढणारी. त्या कारणाखेरीज वापर केल्यास मंजुरी मुळापासून रद्द. आणि खरेदीनंतर सातबाऱ्यावर ‘विहिरीच्या वापराकरिता मर्यादित’ असा शेरा. तो वाचून दाखवीत असता अप्पांचा चेहरा हळूहळू खुलत गेला, तेव्हा हा मनुष्य जमीन देऊन एवढा प्रसन्न का, हे मला उमगेना. उलगडा दस्ताच्या मसुद्याच्या वेळी झाला. त्यांना मुलगे दोन. एकराचे ४० गुंठे. विक्रीपूर्वी प्रत्येकाला बरोबर २० आले असते आणि वाटणी कायद्यात बसली असती. आता पाच आर गेल्यावर तो हिशेब मोडला होता, आणि भावाभावांच्या वाटणीचे कारण त्या अपवादांत कोठेही नव्हते.

“ते मला ठावं हाय, गुरुजी,” अप्पा शांतपणे म्हणाले. “पर पाणी लागलं, अन्‌ मला पाळी मिळाली, की माझं रान बागाईत. मग धा गुंठ्याला वाटणी हुतीया का न्हाई?”

मी तेथील अव्वल कारकुनाकडे पाहिले. त्याने जे उत्तर दिले ते त्याच्या हुद्द्याला शोभणारे होते: पीकपाहणीला बागाईत नोंद तर येऊ द्या, आणि त्याआधी पाणी तर लागू द्या. शेरा जमिनीच्या वापराला आहे, पाण्याला नाही, असा अर्थ मी आपला लावला आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या पाळीची अट खरेदीखतात घालण्यास संमती दिली. अप्पांनी ती अट दस्तलेखकाकडून दोनदा वाचून घेतली, पाळीच्या हक्कदारांत दोन्ही मुलांची नावे वडीलकीच्या क्रमाने घालावयास लावली, आणि मगच अंगठा पुढे केला. यारीवाल्याशी बोलणी त्यांनी माझ्याआधीच करून ठेवली होती.