दूरच्या दोन भाषा

"टीचर, 'तो' आणि 'ती' असताना मराठीत 'ते' कशाला हवे?" आठवीच्या एका मुलीने मला विचारले. तिच्या हातात तपासलेली वही होती. तिने 'मोठी पुस्तक' असे लिहिले होते. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून तिला पुस्तकही स्त्रीलिंगी वाटले. यात नवल काहीच नाही. पण पुढचे तिचे वाक्य मला लागले. "ही जबान आमच्यासाठी बनलीच नाही," ती म्हणाली.

विद्यार्थी मित्रांनो, मला भाषांचा छंद आहे. फावल्या वेळात मी स्लोव्हाक आणि जपानी या दोन भाषांची प्राथमिक पुस्तके वाचत असते. त्या मुलीला उत्तर म्हणून मी जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहिते.

स्लोव्हाकिया हा मध्य युरोपातील लहानसा देश. १९९३ साली तो स्वतंत्र झाला. डॅन्यूब नदीकाठचे ब्रातिस्लाव्हा हे शहर त्याची राजधानी आहे. तिथली भाषा बोलणारे लोक सुमारे पन्नास लाख. जपानी बोलणारे बारा कोटींहून अधिक. यांपैकी आपल्याला जवळची भाषा कोणती? नकाशा पाहून तुम्ही म्हणाल, जपानी. जपान आपल्यासारखाच आशियात आहे. पण घराण्याचा विचार केला तर उत्तर उलटे येते. मराठी, उर्दू, फारसी आणि स्लोव्हाक या एकाच मोठ्या कुळातील भाषा आहेत. जपानी त्या कुळातली नाही.

पुरावा हवा? भावाला फारसीत बिरादर, संस्कृतात भ्राता आणि स्लोव्हाकमध्ये 'ब्रात' म्हणतात. 'सदी' या शब्दातला 'सद' म्हणजे शंभर. संस्कृतात तो 'शत' आणि स्लोव्हाकमध्ये 'स्तो'. लांडग्याची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. फारसीत गुर्ग, संस्कृतात वृक, स्लोव्हाकमध्ये 'व्ल्क'. या तिसऱ्या शब्दात स्वर कुठे आहे, असे विचाराल. तिथे 'ल' हाच स्वराचे काम करतो. बोटाला 'प्र्स्त' म्हणतात, त्यात 'र' ते काम करतो. संस्कृतातील 'ऋ' हा असाच 'र'पासून झालेला स्वर आहे. एकदा म्हणून पाहा. जीभ अडखळली तरी हरकत नाही.

आता त्या मुलीच्या 'ते'कडे वळू. स्लोव्हाकमध्येही मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. शहर म्हणजे 'मेस्तो', नपुंसकलिंगी. शब्द म्हणजे 'स्लोव्हो', तोही नपुंसकलिंगी. इतकेच काय, मुलगी या अर्थाचा 'द्येव्चा' हा शब्दसुद्धा नपुंसकलिंगी आहे! आपण 'ते मूल' म्हणतो, तसेच काहीसे. म्हणजे स्लोव्हाकियातील एखादी मुलगी मराठी शिकायला बसली, तर 'ते कशाला हवे' असे ती विचारणार नाही. कोणते नाम कोणत्या लिंगाचे, एवढेच तिला पाठ करावे लागेल. जपानी मुलगी मात्र 'तो' आणि 'ती' पाहूनच गोंधळेल, कारण जपानी नामांना लिंग नाहीच. बहुतेक नामांना अनेकवचनही नाही. 'इनु' म्हणजे एक कुत्रा आणि दहा कुत्रेसुद्धा.

मग जपानी सोपी म्हणायची का? आपल्याला ती एका बाबतीत खरोखरच सोपी आहे. 'वाताशि वा होन ओ योमु' म्हणजे 'मी पुस्तक वाचते'. क्रियापद उर्दू-मराठीसारखेच शेवटी! स्लोव्हाकमध्ये ते बहुधा मध्ये येते. जपानीत 'में', 'से', 'को' यांच्यासारखे लहान शब्द नामाच्या मागून येतात. 'होन देसु का?' म्हणजे 'पुस्तक आहे का?' शब्दाला शब्द लावून पाहा. प्रश्नाचा 'का'सुद्धा मराठीप्रमाणे शेवटी आला. तो निव्वळ योगायोग आहे, पण मला फार आवडतो. स्लोव्हाकचे शब्द आपल्या नात्यातले, तर जपानीचे शब्द परके आणि त्यांची मांडणी ओळखीची.

नामाचे रूप मात्र जपानीत बदलत नाही. उर्दूत 'मदरसा' पण 'मदरसे में', मराठीत 'शाळा' पण 'शाळेत', स्लोव्हाकमध्ये 'श्कोला' पण 'व श्कोले'. जपानी 'गाक्को' सदैव गाक्कोच.

जपानीची कसोटी लागते ती अदब सांभाळताना. 'बोलणे' या क्रियेसाठी तिथे निरनिराळे शब्द आहेत. मोठी व्यक्ती बोलली तर 'ओस्शारु', आपण नम्रपणे बोललो तर 'मोसु'. हे वाचून मी हसले. आपल्या घरी काय वेगळे चालते? बुजुर्ग फर्माते हैं, आणि आपण अर्ज करते हैं. स्लोव्हाक लोकांना इतका खटाटोप नसतो. 'ति' आणि 'वि' म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही', एवढ्यावर पुष्कळ भागते.

मोजतानाही कसरत आहे. स्लोव्हाकमध्ये एक पुस्तक 'येदना क्निहा', दोन 'द्वे क्निही', आणि पाचांपासून पुढे रूप पुन्हा बदलते: 'पेत्य क्नीह'. जपानीत पुस्तक बदलत नाही. पण माणसे, पुस्तके, कागद मोजण्याचे शब्द वेगवेगळे. उर्दूतील 'चार अदद' किंवा मराठीतील 'चार जण' आठवा, म्हणजे कल्पना येईल.

लिपीचे सांगायचे राहिले. स्लोव्हाक वर्णमालेत ४६ अक्षरे आहेत आणि जपानी हिरागानातही मूळ अक्षरे ४६च. पण जपानी मुलांची सुटका तेवढ्यावर होत नाही. काताकानाची आणखी ४६ अक्षरे असतात, शिवाय चीनमधून आलेली चित्राक्षरे. २०१० साली तिथल्या सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत ही चित्राक्षरे २१३६ आहेत! मात्र जपानी कादंबरी सहसा वरून खाली, उजवीकडून डावीकडे छापतात. ती हातात आली तर मराठी शाळेतील मुले पुस्तक उलटे धरले असे समजतील. तुम्ही समजणार नाही. तुमची उर्दूची किताब ज्या बाजूने उघडते, त्याच बाजूने तीही उघडते.