वेड्या राघूची व्हायव्हा

"पिंगळी? हे कुठे आलं?" सुट्टी लागली की हॉस्टेलवर हा प्रश्न ठरलेला. परभणीहून पूर्णेकडे जाताना एक छोटं स्टेशन लागतं, तेच पिंगळी. माझं आजोळ. मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'उद्दीपन' आणि 'प्रतिसाद' हे शब्दसुद्धा हा लेख लिहिताना मैत्रिणीकडून उसने घेतलेत. शाळेत आम्ही 'स्टिम्युलस-रिस्पॉन्स' पाठ केलं. पावलॉव्हचा कुत्रा, घंटा, लाळ... पैकीच्या पैकी मार्क! अकरावीला बायोलॉजी सोडलं आणि सुटले एकदाची.

सायंटिफिक मेथडही अशीच पाठ. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र आपण ती उलटीकडून शिकतो. टेन्साइल टेस्टमध्ये स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कलच्या आसपास यायला हवा ना? मग २०० पासून मागे मागे येत रीडिंग्ज 'तयार' करायची. मित्रांनो, हसू नका. जर्नल तुमचंही माझ्याच जर्नलवरून उतरलेलं आहे!

तर, गेल्या एप्रिलमध्ये मामेबहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस आधीच पिंगळीला गेले. घरात लग्नाची गडबड, मला काम काही येत नाही, म्हणून ओढ्याकडे जाऊन बसले. तिथल्या मातीच्या उभ्या दरडीत एक बीळ होतं आणि वर तारेवर एक हिरवागार चिमणीएवढा पक्षी. मामा म्हणाला, "वेडा राघू आहे तो." तारेवरून झेप घ्यायची, हवेतच माशी पकडायची आणि परत तारेवर. दिवसभर हेच, म्हणून बिचारा वेडा. मधमाशी पकडली तर ती तारेवर आपटून आपटून मगच खातो.

पण त्या दिवशी तो खात नव्हता. चोचीत किडा धरून नुसता बसला होता. बिळाकडे झेपावायचा आणि वाटेतूनच परत फिरायचा. अर्धा तास हाच खेळ. मला वाटलं, खरंच वेडा दिसतोय.

आजी मला शोधत आली. "कामून बसलीस गं माय उन्हात?" मी पक्षी दाखवला. ती म्हणाली, "तू बघायलीस म्हणून जाईना तो. पिल्लं हाईत आत. तू उठ, मग जातंय बघ."

मी उठून लांब गेले. राघू सरळ बिळात!

आता कोणालाही वाटेल, झालं सिद्ध. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. आजीच्या वाक्यात दोन वेगळी गृहीतकं होती. एक, राघूला माणूस जवळ आहे याचीच भीती वाटते. दुसरं, माणसाला बीळ *दिसतंय* याची भीती वाटते. पहिलं साधं आहे. दुसऱ्यात राघूला माझ्या जागेवरून काय दिसतं याचा अंदाज यायला हवा. आणि मी उठून गेले तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. मग त्यावरून ठरवणार कसं?

म्हणून दोन जागा शोधल्या. एक बाभळीखाली, जिथून बीळ समोर दिसतं. दुसरी कडब्याच्या गंजीच्या कडेला, जिथून बीळ दिसत नाही, पण तारेवरच्या राघूला मी दिसते. पावलांनी मोजून दोन्ही अंतरं सारखी केली. अडचण एकच, गंजीपासून मलाच बीळ दिसेना, मग फेऱ्या मोजणार कोण? सातवीतल्या मामेभावाला लांबच्या बांधावर बसवलं. दोन्ही वेळा तो त्याच जागी, म्हणजे त्याच्यामुळे फरक पडलाच तर दोन्हीकडे सारखा. "मी गंजीपाशी बसले की तो जास्त वेळा आत जाईल बघ," असं त्याला मोठ्या रुबाबात सांगितलं.

संध्याकाळी रीडिंग आली. बाभळीखाली शून्य. गंजीपाशी दहा. दुसऱ्या फेरीत पुन्हा शून्य आणि दहा. मी खूश! मग जरा शंका आली. "नक्की दहा?" तो निरागसपणे म्हणाला, "ताई, तुला किती पाहिजेत? तितके लिहितो ना."

खरं सांगते, कानफटात बसल्यासारखं झालं. कारण हे वाक्य माझं आहे. लॅबमध्ये पार्टनरला मी हेच विचारते, "किती यायला पाहिजे?" त्या पोराची काही चूक नव्हती. उत्तर आधी सांगून त्याला बिघडवलं होतं मीच.

तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, "मला माहीत नाही काय होईल ते. जे दिसेल तेच लिही. नाही दिसलं तर तसं लिही." चार दिवस रोज अर्धा तास बाभळीखाली, अर्धा तास गंजीपाशी. कधी हे आधी, कधी ते, म्हणजे राघूला माझी सवय झाली तरी हिशोब एका बाजूला झुकायला नको. चारपैकी तीन दिवस गंजीपाशी बसले असताना फेऱ्या जास्त. एक दिवस मात्र उलटं! त्या दिवशी मंडपवाले ओढ्यावरून ये-जा करत होते. 'तो दिवस धरायलाच नको,' असा मोह झाला. पण बाकीच्या दिवशी कोण आलं-गेलं हे मी कुठे लिहून ठेवलं होतं? उत्तर आवडलं नाही म्हणून कारण शोधायचं, हे पुन्हा जर्नलच झालं. दिवस तसाच ठेवला.

हॉस्टेलवर परतल्यावर इंटरनेटवर शोधलं आणि उडालेच. हाच प्रश्न पुण्याच्या आबासाहेब गरवारे कॉलेजातल्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला होता! २००२ मध्ये 'अ‍ॅनिमल कॉग्निशन' या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला. माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर, पण एका जागेवरून घरटं दिसतं आणि दुसरीवरून नाही. घरटं दिसत असेल तेव्हा राघू आत कमी वेळा जातात, असं त्यांना आढळलं. शिवाय माणूस घरट्याकडे बघतोय की दुसरीकडे, यानेही फरक पडत होता. आधी थोडं वाईट वाटलं, शोध आपला नाही म्हणून. मग वाटलं, अरे, आजी बरोबर होती!

पण म्हणून राघू आपल्यासारखा 'विचार करतो' का? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉईड मॉर्गन यांनी १८९४ मध्येच एक नियम सांगून ठेवलाय. प्राण्याच्या वागण्याचा उलगडा साध्या मानसिक क्रियेने होत असेल तर वरच्या पातळीची बुद्धी त्याला चिकटवू नका. माझ्याकडे तर एक घरटं आणि चार दिवस. एवढ्यावरून मी फक्त म्हणू शकते, 'असं दिसलं.' बीईला येईपर्यंत हे दोन शब्द मी कधी लिहिलेच नव्हते.

या सेमला हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आमचं एक रीडिंग ग्राफच्या बाहेर गेलं. पार्टनर खोडरबर शोधायला लागला. मी म्हटलं, राहू दे. व्हायव्हात त्याच बिंदूवर बोट आलं, "हे काय आहे?" मी तीन शक्यता सांगितल्या आणि चौथ्यांदा म्हटलं, "माहीत नाही, सर." दोन मार्क गेले. जाऊ देत.

लग्नानंतर काही दिवसांनी मामेभावाचा फोन आला होता. "ताई, राघूची पिल्लं उडाली!"

"किती होती रे?"

जरा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "मोजता नाही आलं."

त्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले.