कमी किमतीची कॅसेट

भोरच्या पेठेतल्या दुकानदाराने ती कॅसेट मला निम्म्या किमतीत दिली, कारण ती कोणी विचारतच नव्हते. ही गोष्ट १९९५च्या सुमाराची. ‘निवडुंग’ हा १९८९चा मराठी चित्रपट. तो मी अजूनही, काहीसा मुद्दामच, पाहिलेला नाही. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या आणि त्यातली काही गाणी ग्रेस यांची. नागपूरच्या या कवीचे शब्द मला उमगत नसत. पुढे त्यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा १९६७चा संग्रह मिळवून वाचला, तरी निम्मा हाताबाहेरच राहिला. मात्र वेल्ह्याचा पाऊस मला कळत होता. तोरणा एकदा ढगात शिरला, की भातलावणी उरकली तरी दिसत नसे. वीज जाई. टेपरेकॉर्डर सेलवर चाले. ते पुरावेत म्हणून मी फीत पेन्सिलीने मागे फिरवी.

त्या वर्षी आई गेली होती. वडील अभंगांपलीकडे काही ऐकत नसत, आणि आईविषयी तर चकार शब्द काढत नसत. पावसात निघून गेलेल्या कुणा ‘ती’चे ते गाणे हृदयनाथांच्या आवाजात सुरू झाले, की मी आपण होऊन आवाज बारीक करी. लोक त्याला प्रेमगीत म्हणतात. म्हणोत बापडे!

एका रात्री गाणे संपले. अंधारातून वडील म्हणाले, “मागं घे की जरा.”

मी पेन्सिल चाचपू लागलो.

“ऱ्हाऊ दे पेन्सिल. सेल उद्या आणू.”