आकड्यामागचा खुलासा

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर कोयनानगरात धक्का बसला की पहिला प्रश्न ठरलेला: किती रिश्टर? डेटाबेस सांभाळणाऱ्या तिथल्या तरुणाचंही तेच, फक्त त्याचे आकडे वेगळे, डेटाबेसच्या चुकांचे.

पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. म्हणून सरावाचा ओरॅकल डेटाबेस त्याने लॅपटॉपवरच, लिनक्सवर बसवलाय. एकदा लांबलचक रिपोर्ट मध्येच आडवा झाला, चुकीचा क्रमांक: ओआरए-01555. त्याने टर्मिनलमध्ये टाइप केलं, ‘ओईआरआर ओआरए 1555’. क्षणात उत्तर: स्नॅपशॉट टू ओल्ड. खाली कारण, म्हणजे वाचणाऱ्याला हवा असलेला जुना डेटा दुसऱ्या कुणी लिहिताना पुसला गेला. आणि त्याखाली उपाय, अनडू रिटेन्शन, म्हणजे जुना डेटा राखून ठेवायचा वेळ, वाढवा.

यात जादू काही नाही. ओईआरआर ही छोटीशी स्क्रिप्ट. ओरॅकलसोबतच आलेल्या ‘ओरायूएस डॉट एमएसजी’ या साध्या फाइलीत ती क्रमांक शोधते आणि त्याखालच्या दोन तिरक्या रेघांच्या ओळी छापते. नेट लागतच नाही!

ओआरए-00600 विचारलं, तर मात्र ती हात वर करते: अंतर्गत चूक आहे, कंपनीला कळवा. सरकारी उत्तरच म्हणायचं.

दुसऱ्या डेटाबेसचं, मायएसक्यूएलचं ‘पीएरर’ हे असंच साधन याहून मितभाषी. 28 दिला की डिस्कवर जागा नाही, 13 दिला की परवानगी नाही. बस्स, उपाय तुमचा तुम्ही शोधा. पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसमध्ये चुकांचे पाच अक्षरी कोड असतात. 23505 म्हणजे एकमेव असायला हवं ते मूल्य दुसऱ्यांदा आलं. तिथे पीएसक्यूएल या त्याच्या टर्मिनलमधल्या साधनात ‘\एररव्हर्बोज’ दिलं, की शेवटची चूक कोडसकट, सविस्तर पुन्हा दिसते.