तो शब्द अर्जात लिहावा लागतो

कोर्टाच्या आवारात टायपिंगचं काम करता करता मला पंधरा वर्षं झाली. वारस नोंद, पोटगी, चेक न वटल्याची नोटीस, सगळं या बोटांखालून गेलं. पण कॉलेजात मुलाला धर्मावरून शिव्या देतात, असा अर्ज घेऊन आपल्यातलं कुणी आलेलं फारसं आठवत नाही. असं घडत नाही म्हणून नव्हे. ‘सबर कर, बारावीचं वर्ष आहे,’ एवढ्यावर घरात विषय मिटतो म्हणून.

माझ्या आपाच्या घरीही तो असाच मिटणार होता. तिचा मुलगा अकरावीला. क्रिकेटच्या एका सामन्यानंतर वर्गातल्या तीन मुलांनी त्याला ‘तुझी टीम हरली’ म्हणायला सुरुवात केली. मग ‘पाकिस्तानात कधी जाणार?’ आणि मग वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक चित्र, खाली सुंतेवरून दिली जाणारी ती शिवी. पोरगं कॉलेजला जायचं टाळू लागलं. भावजींचं गॅरेज आहे. ते म्हणाले, ‘गिऱ्हाईक सगळं त्याच लोकांचं. वाद नको.’ मुंब्र्याचा चुलतभाऊ म्हणाला, ‘नावासकट व्हायरल करू.’ आणि मुलगा स्वतः म्हणत होता, ‘खाला, एकदा त्याचं थोबाड फोडतो.’

त्याला मी सांगितलं, हात उचललास की अर्जदार ते होतील आणि उत्तर तुला द्यावं लागेल. चुलतभावालाही थांबवलं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या प्रकरणाची चौकशी सुरू झाली की त्याचं नाव, पत्ता, शाळा जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि त्या कलमात आपलं मूल आणि त्यांचं मूल असा भेद नाही.

मग अर्ज लिहायला बसलो. सगळ्यात जड काम हेच होतं. आपा म्हणाली, ‘अपशब्द वापरले असं लिही ना.’ तसं लिहिलं की अर्ज तिथंच मेला. वाचणारा म्हणतो, पोरांची मस्करी असेल. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं आणि शब्द जसाच्या तसा, असं लिहावं लागतं. तो शब्द त्यानं आईसमोर कधी उच्चारला नव्हता. आपाला मी चहा करायला आत पाठवलं. तो खिडकीकडे तोंड करून सांगत गेला, मी टाइप करत गेले. एके ठिकाणी थांबून म्हणाला, ‘हे पण लिहायचं?’ मी म्हटलं, हेच लिहायचं. सोबत ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडले. मूळ चॅट मात्र फोनमधून काढायचं नाही आणि तो फोन विकायचाही नाही.

अर्ज प्राचार्यांच्या नावे केला. आपल्या राज्यात 1999 पासून रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. रॅगिंग म्हणजे मोठ्यांनी नवख्यांना छळणं, एवढाच अर्थ लोक धरतात. पण कायद्याच्या व्याख्येत विद्यार्थ्याला चिडवणं, शिवीगाळ करणं, धमकावणं हेही येतं. विद्यार्थ्यानं, पालकानं किंवा शिक्षकानं लेखी तक्रार दिली की प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. हयगय केली तर ती गुन्ह्याला मदत ठरू शकते. गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही. तोंडी तक्रारीला सात दिवस मोजता येत नाहीत.

थेट पोलिसांत का गेलो नाही, असं पुष्कळांनी विचारलं. तो रस्ता बंद नव्हता. पण नुसत्या अपमानाला भारतीय न्याय संहितेचं कलम 352 लागलं तर पोलीस एनसी लिहून घेतात आणि न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय तपास करत नाहीत. दोन समाजांत वैर वाढवण्याचं 196 कलम गंभीर आहे, पण ते उठसूट लागत नाही. शिवाय समोरची मुलंही सोळा-सतराची. अशा मुलांवर, गुन्हा फारच भयंकर नसेल आणि त्यात कुणी मोठा माणूस सामील नसेल, तर सहसा एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होऊन प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मंडळ समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा करायला लावतं. कुणाला हे गुळमुळीत वाटेल, मला नाही वाटत. उद्या आपल्याच पोरानं भलतं स्टेटस ठेवलं तर तेच मंडळ त्यालाही सांभाळणार आहे. मारहाण किंवा जिवाची धमकी असती, तर मात्र मी एक दिवसही थांबले नसते.

काही जण ‘अॅट्रॉसिटी टाका’ म्हणतात. तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, धर्मावरच्या शिवीला तो चालत नाही. आपल्यातले खानदेशातले तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत येतात. त्यांना कुणी चारचौघांत जमातीच्या नावानं हिणवलं तर गोष्ट वेगळी.

पदवीच्या मुलांसाठी यूजीसीचे नियम आहेत. 2016 च्या दुरुस्तीपासून धर्म, जात, वंश, भाषा यांवरून त्रास देणं, वाळीत टाकणं हेसुद्धा त्यात रॅगिंग धरलं जातं. त्यांची हेल्पलाइन 1800-180-5522. लहान मुलांसाठी 1098.

पाचव्या दिवशी प्राचार्यांनी तिघांच्या पालकांना बोलावलं. आधी ‘मुलंच आहेत’ झालं. मग अर्जाचं दुसरं पान मोठ्यानं वाचायची विनंती मी केली. प्राचार्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. एका मुलाची आई रडायला लागली. दोघांनी लेखी माफी दिली, ग्रुप बंद झाला. निलंबनाचा आग्रह आम्ही धरला नाही, तो मुलाचाच निर्णय होता. तिसऱ्यानं माफी मागितली नाही. त्याची तुकडी बदलली.

आपाचा मुलगा आता रोज कॉलेजला जातो. तिसऱ्या मुलाच्या वडिलांची गाडी मात्र भावजींच्या गॅरेजला येत नाही, आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन गाड्याही नाहीत. महिन्याचा हिशेब लिहिताना भावजी ते बोलून दाखवतात.